मामांचा रस्सा, भाचीचा तवा

मटण तोडू नका, अखंड द्या, अशी मागणी धुळ्यातल्या किंवा जळगावातल्या खाटकाकडे क्वचितच कोणी करतं. ठोकळ्यावर मांडी ठेवली की सत्तूर चालू होतो. नळी, चांप, सीना, थोडी चरबी, एखादा कलेजीचा तुकडा असं सगळं मिसळून यावं, अशी गिऱ्हाइकाचीच इच्छा असते, आणि रश्श्यासाठी ती रास्तही आहे. घरी स्टेक करायचा म्हटला की पहिली अडचण इथे, ठोकळ्यापाशीच येते.

जगात स्टेक म्हटलं की बहुतेक ठिकाणी गोमांसच डोळ्यांसमोर येतं. महाराष्ट्रात कायद्याने ती वाट बंद आहे. प्राणी रक्षण अधिनियमातली १९९५ची सुधारणा राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५मध्ये लागू झाली आणि गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचं मांस चालतं. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत स्टेक म्हणून ताटात येतं ते बहुधा तेच. खाटीक त्या मऊ भागाला ‘अंडरकट’ म्हणतात. पण दुधाला किंवा कामाला उपयोगी असलेली म्हैस कापायला प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे जनावर बहुधा वय झालेलंच असतं. खानदेशातल्या मटण खाणाऱ्या बहुतेक घरांत तर मटण म्हणजे बोकड, नाहीतर साक्री-शिंदखेड्याकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या कळपातला मेंढा. तेव्हा इथल्या घरगुती स्टेकची सगळी चर्चा बोकडाच्या पाठीवर येऊन थांबते.

धुळ्याच्या देवपुरातल्या एका घरात ही चर्चा मामा आणि भाचीत झाली. मामा शेतकरी, मळ्यात पंगत असली की मटणाचं पातेलं त्यांच्याच ताब्यात. भाची जळगावात वाढलेली, हॉटेल मॅनेजमेंट शिकून पुण्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात ग्रिलवर काम करणारी. दोघांची नावं इथे द्यायचं कारण नाही. अशी दोन मतं आज खानदेशातल्या कितीतरी घरांत एकाच ओट्यासमोर उभी आहेत.

“तवा कशाला काढून राहिली? पातेलं काढ,” मामा म्हणाले.

“तव्यावरच करायचं आहे मामा. पुठ आणली आहे, पाठीची, अख्खी. आठ मिनिटांत होईल.”

“आठ मिनिटांत कांदासुद्धा भाजला जात नाही माय. आणि हे मटण कधीचं?”

“परवाचं. दोन रात्री फ्रीजमध्ये होतं. मीठ चोळून, जाळीवर, उघडं.”

“परवाचं? आपल्याकडे सकाळी कापलं ते दुपारी चुलीवर चढतं. शिळं मटण पाहुण्याला वाढलं तर लोक नाव ठेवतील.”

मामांच्या या आक्षेपामागे पिढ्यांचा अनुभव आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. घरात फ्रीज नव्हता तेव्हा सकाळचं मटण संध्याकाळपर्यंत टिकवणं हीच जोखीम होती. हळद-मीठ लावून ते लगेच शिजत घालणं हा एकमेव शहाणपणाचा मार्ग होता, आणि ताजं म्हणजे आजचं, ही समजूत तिथूनच पक्की झाली.

पण ताज्या मटणाची एक अडचण आहे. जनावर कापल्यावर काही तासांत त्याचे स्नायू ताठरतात. स्नायूंना सैल व्हायला एटीपी नावाचा ऊर्जेचा रेणू लागतो. तो संपला की धागे एकमेकांत अडकून बसतात. थंड जागी ठेवलं तर दिवस-दोन दिवसांत हा ताठरपणा उतरतो, कारण स्नायूंतलीच कॅल्पेन नावाची विकरं धाग्यांचे बांध हळूहळू तोडू लागतात. युरोप-अमेरिकेत स्टेकचं मांस गोठणबिंदूच्या जरा वर दोन ते चार आठवडे टांगून ठेवतात ते यासाठीच. बोकड लहान, त्याच्या अंगावर चरबीचा थर पातळ, त्यामुळे इतके दिवस ठेवला तर तो नुसता वाळेल. त्याला घरच्या फ्रीजमध्ये एक-दोन दिवस पुरतात, तेही तुकडा अखंड असला तरच. तोडलेल्या मटणाला ही सोय नाही; जितके काप जास्त, तितकी जंतूंना जागा जास्त.

“म्हणजे इतकी वर्षं आम्ही ताठरलेलंच मटण खाल्लं म्हणतेस?”

“खाल्लं, पण तुम्ही ते दोन तास शिजवलंत. दोन तासांत कसला ताठरपणा राहतो? मला आठ मिनिटांत उतरवायचं आहे, म्हणून मला दोन दिवस आधी थांबावं लागतं. वेळ दोघांनाही द्यावा लागतो. तुम्ही पातेल्यात देता, मी फ्रीजमध्ये.”

मामांनी पुठ उचलून हातात तोलली. “बरं, हे राहू दे. बोकड केवढा असतो? मुंडी-कातडं-आतडी काढून दहा-बारा किलो. त्यात असं पाठीचं मऊ मांस निघणार किती? घरात माणसं नऊ.”

हा मुद्दा भाचीच्या तव्यापेक्षा जड आहे. पाठीच्या कण्याला दोन्ही बाजूंनी लागून असलेला स्नायू आणि त्याच्या खालचा लहानसा स्नायू यांना जनावर जिवंत असताना फार काम नसतं, म्हणून ते मऊ राहतात. पाय, खांदा आणि मान यांना दिवसभर काम. बोकड मागच्या पायांवर उभा राहून बोरी-बाभळीचा पाला ओरबाडतो, त्याच पायांच्या मांसात संयोजी ऊतींतलं कोलॅजन भरपूर साठतं. परदेशातला स्टेकचा बैल पाचशे-सहाशे किलोंचा असतो. त्याच्या पाठीचा एक काप अख्ख्या ताटाला पुरतो. बोकडाच्या चांपेतलं मांस जेमतेम दोन इंच रुंदीचं.

“म्हणून तर दोन फासळ्या मिळून एक तुकडा केला आहे,” भाची म्हणाली. “दीड इंच जाड. पातळ चांप असती तर बाहेरून रंग येईपर्यंत आतली वाळून गेली असती.”

“अगं पण बाकीच्या बोकडाचं काय? मान, सीना, पाय, खांदा? पाठीवर दोघं-तिघं जेवतील. रश्श्यात किलोभर मटण टाकलं तर बारा माणसं उठतात, आणि कोणी उपाशी उठत नाही. भाकरी कुस्करायची, वर तर्रीचा रस्सा ओतायचा. मजुरांच्या पंगतीत तू काय करशील? एकेकाला चांप वाढशील?”

खानदेशी मटण हे मुळात वाटून खाण्यासाठी जमवलेलं अन्न आहे. मटणाचे तुकडे मोजके, पण त्यांची चव रश्श्यात उतरून प्रत्येकाच्या भाकरीपर्यंत पोचते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तो रस्सा पिऊनही लगेच फुटत नाही, म्हणून तिच्याशी त्याची जोडी जमली. स्टेकला हे साधत नाही. एक तुकडा, एक ताट, एक माणूस असा त्याचा हिशेब आहे, आणि तो हिशेब मोठी जनावरं आणि मोठी कुरणं असलेल्या मुलखांत तयार झाला. भाचीने हे कबूल केलं, पण तिने आणलेली पुठ काही रश्श्यात जाऊ दिली नाही.

“पुठ रश्श्यात टाकली की कोरडी पडते मामा. तुम्ही स्वतः चांप बाजूला सारता आणि नळी शोधता, मी लहानपणापासून बघते आहे. मांडी तव्यावर टाकली तर चिवट होईल, हे मला मान्य. मग पाठीला पातेल्यात घालायचा हट्ट कशाला?”

याचं कारण तापमानात आहे. पन्नास अंशांच्या आसपास मांसातली मायोसिन नावाची प्रथिनं घट्ट होऊ लागतात आणि तुकड्याला बांधा येतो. साठ ते पासष्ट अंशांत कोलॅजनचं वेष्टण आकसतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतं. सत्तरीकडे जाताना ॲक्टिनही घट्ट होतं आणि मांस कोरडं लागू लागतं. पाठीच्या मांसात कोलॅजन थोडं, म्हणून ते साठच्या आत-बाहेर उतरवलं तर रसाळ राहतं; पुढे शिजवून त्यात मिळवण्यासारखं काही नसतं. मांडीची आणि खांद्याची गोष्ट नेमकी उलटी. सत्तरच्या वर तासन् तास ठेवलं की त्यांतलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं. धागे कोरडे पडलेले असतात, पण हे जिलेटिन त्यांना ओलावा आणि चिकटपणा देतं. बोटांना आणि ओठांना चिकटणारा रस्सा तो हाच. जनावर जितकं वयस्क, तितकं त्याचं कोलॅजन एकमेकांत गुंतलेलं आणि विरघळायला हट्टी.

कुकरचं नाव निघालं तेव्हा मामांनी हात झटकला. पंधरा पौंडांच्या दाबाखाली कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे दोन तासांचं काम अर्ध्या तासात होतं, हे भाचीने सांगितलं. मामांचं म्हणणं, मटण शिजतं पण रस्सा होत नाही. बंद भांड्यातून वाफ जवळजवळ जातच नाही, म्हणून पाणी आटत नाही आणि चव दाट होत नाही. उघड्या पातेल्यात रस्सा आटतो आणि तर्री वर येऊन स्थिरावते. इथे मामा बरोबर आहेत. घाई असेल तर कुकरमधून काढून पुढे अर्धा तास उघड्यावर उकळणं हा मधला मार्ग बऱ्याच घरांनी काढला आहे.

एव्हाना परसात चूल पेटली होती. मामांनी निखारे पुढे ओढले आणि त्यांत चार कांदे सालीसकट खुपसले. खानदेशी काळ्या रश्श्याचा जीव या कामात आहे, आणि ते कोणी सवयीने उरकत नाही. वरची साल आधी काळी पडून पापुद्र्यासारखी सुटते. मग देठाशी रस बुडबुडू लागतो, बाहेर येतो, आणि काठावर आटून तपकिरी, चिकट होतो. तोवर चिमट्याने कांदा दाबून बघायचा. मधे टणक लागला तर अजून ठेवायचा, दबला तर काढायचा. खोबऱ्याच्या वाटीला ते सरळ जाळावर धरतात. कडेला ज्योत लागते, ती फुंकून विझवायची, पुन्हा धरायची, आतल्या बाजूला तेल सुटून चकाकी येईपर्यंत. मग धणे, लवंगा, मिरे, दगडफूल, तमालपत्र, लाल मिरच्या तेलावर परतून, लसूण-आल्यासोबत हे सगळं पाट्यावर. रंग काळपट आला पाहिजे, पण कोळसा झालेला भाग खरवडून टाकायचा. तो राहिला तर अख्खं पातेलं कडू.

भाची चुलीपाशी येऊन बसली. “मामा, तुम्ही कांद्याला जे करता आहात, तेच मला मटणाला करायचं आहे.”

“कांद्याला चव आणायला भाजावं लागतं. मटणाला स्वतःची चव असते.”

“मग मटणाच्या रश्श्यात भाजलेला कांदा घालता कशाला? नुसतं हळद-मीठ-पाण्यात शिजवा.”

मामा गप्प राहिले. भाचीचा प्रश्न साधा वाटला तरी तो खानदेशी स्वयंपाकाच्या मर्मावर जातो. १९१२मध्ये लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं की प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवली की तपकिरी रंगाचे नवे पदार्थ तयार होतात. भाकरीच्या पापुद्र्याचा, भाजलेल्या शेंगदाण्याचा, कॉफीचा, तव्यावरच्या मटणाचा वास बराचसा यांतून येतो. ही क्रिया १४० अंशांच्या पुढे जोर धरते. पाणी मात्र शंभरावर वाफ होऊन जातं, त्यामुळे जिथे पाणी आहे तिथे तापमान त्याच्या वर चढत नाही. रश्श्यात बुडालेल्या मटणाला असा भाजका रंग कधीच येत नाही, कितीही तास ठेवा. म्हणून खानदेशाने तो भाजकेपणा बाहेर, निखाऱ्यात, कांदा-खोबऱ्यात तयार केला आणि वाटणातून पातेल्यात आणला. स्टेक करणारा तोच भाजकेपणा थेट मांसाच्या अंगावर चढवतो. दोन्ही पद्धतींना मऊपणा हवा आणि जाळाची चवही हवी. रस्सा करणारा मऊपणा मटणात आणि जाळ वाटणात अशी विभागणी करतो. स्टेकवाल्याला दोन्ही एकाच तुकड्यात मिळवावं लागतं, आणि सगळी कसोटी तिथेच आहे.

“आणि भरीत?” भाचीने विचारलं. “बामणोदचं वांगं कोणी उकडून खाईल का?”

या प्रश्नावर जळगाव जिल्ह्यात कोणी वाद घालणार नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते मोठं, फिकट हिरवं, कमी बियांचं वांगं कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजतात. थंडीत शेतात भरताच्या पार्ट्या होतात तेव्हा काड्यांचा ढीग पेटवला की जाळ भपकन उठतो. साल जळते आणि आतला गर स्वतःच्या वाफेवर मऊ होतो. मग साल काढून तो लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणासोबत ठेचायचा. बाहेर प्रखर उष्णता आणि आत सावकाश शिजणं, ही स्टेकची पद्धत इथल्या शेतकऱ्याला परकी नाही.

“वांग्याची जळलेली साल आपण टाकून देतो,” मामा म्हणाले. “मटणाला टाकून द्यायला साल कुठे आहे? जळलं तर तेच खावं लागणार.”

“म्हणून जाळावर नाही, तव्यावर. काळं नाही, तपकिरी.”

“बरं. पण एक गोष्ट तुझी-माझी सारखी दिसते. मीही मटण आधी तेलात चांगलं परततो. रस आत कोंडला जातो.”

“तो कोंडला जात नाही मामा. तव्यावर चुर्र आवाज येतो तो कशाचा? बाहेर आलेल्या रसाचाच. रस कोंडला असता तर आवाजच आला नसता.”

परतल्याने रस आत कोंडला जातो, ही समजूत मराठी घरांत जितकी पक्की आहे तितकीच ती परदेशी स्वयंपाकातही होती. यूस्टस फॉन लीबिग या नामांकित जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७च्या सुमारास हे मत मांडलं आणि मोठमोठ्या आचाऱ्यांनी ते उचललं. पुढे १९३०च्या दशकात मांसाचं वजन आधी आणि नंतर करून पाहिलं गेलं, तेव्हा आधी भाजलेल्या मांसातून रस तितकाच, किंबहुना जरा जास्तच गेल्याचं दिसलं. हॅरॉल्ड मॅगी यांनी १९८४च्या आपल्या पुस्तकात ही समजूत खोडून काढली, तरी ती आजही टिकून आहे. परतणं फुकट जात नाही. त्याने चव आणि रंग येतो.

यानंतर मात्र मामांनी भाचीला अडवलं. ओट्यावर तिने कच्च्या पपईचा वाटलेला गर वाटीत काढून ठेवला होता. बोकड आहे, बैल नाही, तेव्हा तासभर पपई लावून घ्यावी असा तिचा विचार.

“हे उचल आधी,” मामा म्हणाले. “शहाद्याकडून ट्रकच्या ट्रक पपई जाते. तिच्या चिकाने काय होतं ते आम्हाला सांगू नको. पपई लावलेलं मटण वरून पिठूळ होतं आणि आत होतं तसंच राहतं.”

मामांचं निरीक्षण शास्त्राशी जुळतं. पपईतलं पपेन हे विकर प्रथिनं तोडतं, पण ते मांसात खोलवर शिरत नाही, जेमतेम काही मिलिमीटर जातं. शिवाय त्याचा सगळ्यात जास्त जोर साठ-सत्तर अंशांना चालतो, म्हणजे मटण शिजायला लागल्यावर. जाड तुकड्याची वरची कड लगदा होते, गाभा जिथल्या तिथे. आणि पपईच्या पाण्याने पृष्ठभाग ओला झाला की तो तपकिरी होण्याआधी उकडतो. खिम्याला, सीख कबाबाला पपई जरूर लावावी. अखंड पुठीला लावू नये. भाचीने वाटी उचलली.

तवा बिडाचा होता, घरातला जुना, भाकरीचा. जाड बीड तापायला वेळ घेतं, पण तापल्यावर थंड मटण पडलं तरी पटकन निवत नाही, म्हणून या कामाला नॉनस्टिकपेक्षा ते कितीतरी बरं. चांपेचे तुकडे फ्रीजमधून काढून कागदाने पुन्हा कोरडे केले होते. दोन रात्रींच्या मिठाने आणि थंड हवेने त्यांच्या अंगावर पातळ, कोरडा पापुद्रा धरला होता. तव्यावर टाकलेला पाण्याचा थेंब गोळी होऊन पळायला लागला तेव्हा भाचीने चमचाभर शेंगदाणा तेल सोडलं, आणि पहिल्यांदा तुकडा चिमट्याने चरबीच्या कडेवर उभा धरला. ती चरबी वितळून तव्यावर पसरली, मग तुकडा आडवा केला. एकदाच उलटायचा हा नियम तिने पाळला नाही. दर अर्ध्या मिनिटाला बाजू बदलत राहिली, कारण त्यामुळे दोन्हीकडून उष्णता सारखी आत जाते आणि कडेला करड्या, जास्त शिजलेल्या मांसाचा पट्टा कमी राहतो. परदेशी कृतीत शेवटी लोणी घालतात. तिने तूप घातलं, त्यात सालीसकट ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या. लोण्यातले दुधाचे कण इतक्या तापल्या तव्यावर जळतात. तुपात ते कण उरलेले नसतात. तुकडा कलता करून ते तूप चमच्याने वरून सोडत राहिली. सुईच्या थर्मामीटरने गाभ्यात ५८ दाखवल्याबरोबर तुकडे जाळीवर काढले आणि पाच मिनिटं हात लावला नाही. बाहेरची उष्णता आत सरकत राहते, आकडा अजून चार-पाच अंशांनी चढतो, आणि सैल झालेला रस जरा दाट होतो. लगेच कापलं तर तो पाटावर सांडतो.

मग धारदार सुरीने तिने हाडाजवळून मांस सोडवलं आणि धाग्याला आडवे काप केले. धाग्याच्या दिशेने कापलं असतं तर लांब तंतू दातांत आले असते. आडवं कापलं की तंतू आखूड होतात आणि निम्मं चावणं सुरीनेच होतं. मधला भाग गुलाबी होता.

“कच्चं शे हाई,” मामा म्हणाले. “रक्त दिसून राहिलं.”

“रक्त कापतानाच निघून गेलं मामा. हे पाणी आहे आणि मायोग्लोबिन. स्नायूंत प्राणवायू धरून ठेवणारं ते प्रथिन. साठच्या पुढे गेलं की त्याचा लाल रंग जाऊन करडा होतो.”

“आणि सूनबाईलाही हेच वाढणार? तिला सहावा महिना आहे.”

“वहिनीला नाही वाढणार.”

या एका मुद्द्यावर दोघांत वाद उरला नाही, आणि तो उरू नये. अखंड मांसात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तापल्या तव्यावर मरतात, हे खरं. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी विभागाने अखंड तुकड्यासाठी गाभ्यात ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा इतकं पुरेसं मानलं आहे, तर खिम्यासाठी ७१ अंश, कारण खिम्यात वरचं सगळं आत मिसळलेलं असतं. पण शेळी-मेंढीच्या मांसाच्या आत टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी असू शकतो आणि गर्भाला त्याच्यापासून खरा धोका असतो. गरोदर बाई, अगदी लहान मूल, आजाराने थकलेलं माणूस यांच्या ताटात गुलाबी मटण येऊ नये. त्यांना रस्सा वाढावा. दोन तास उकळलेल्या पातेल्यासारखं निर्धोक दुसरं काही नाही. मटण कधी कापलं आणि कसं ठेवलं हे ठाऊक नसेल, तर बाकीच्यांनीही रस्साच खावा.

मामांनी एक काप उचलला, लसणाच्या ठेच्याला लावला आणि चावत राहिले. “मऊ आहे,” ते म्हणाले. “वास चांगला आला. पण हे एकट्याने खायचं काम नाही. भाकरी मागते.” भाचीने भाकरी वाढली, आणि स्टेकचे काप ठेच्यासोबत भाकरीवर आले. पुण्याच्या हॉटेलात त्याच्याबरोबर कुस्करलेला बटाटा जातो. धुळ्यात बटाट्यापेक्षा हे चांगलं लागलं, असं तिनेच सांगितलं. सोडवलेली हाडं मात्र मामांनी केव्हाच रश्श्याच्या पातेल्यात टाकली होती. तव्यावर भाजली गेल्यामुळे त्यांनी रश्श्याला आणखी रंग दिला, आणि तो रस्सा भाचीने दोनदा घेतला.

जेवणं झाल्यावर गोष्ट पुन्हा ठोकळ्यापाशीच गेली. आखाडात गावाकडे बोकड कापतात तेव्हा वाटे पडतात. प्रत्येक वाट्यात मांडी, सीना, पाठ, कलेजी, चरबी सारखी आली पाहिजे, यावर वाटे घालणाऱ्याची अब्रू असते. कोणी आपल्याला पाठ जास्त द्या म्हणालं तर भांडण ठरलेलं.

“गावाला येशील तेव्हा अख्खी पुठ मागू नकोस,” मामा म्हणाले. “शहरात खाटकाकडे पैसे टाकून घे. वाट्यात ती कोणा एकाला मिळत नाही.”

“मी बदल्यात मांडी देईन. नळीसुद्धा देईन. नळीसाठी तर सगळेच टपलेले असतात.”

“नळी देशील?”

“देईन. चारही पायांच्या.”

“मग वाटे घालणाऱ्याशी मी आधी बोलून ठेवतो. पण सगळ्यांसमोर विचारावं लागेल, आणि एक जण जरी नाही म्हणाला तरी पुठ तुटणार.”

“चालेल,” भाची म्हणाली. “पण तोडायच्या आधी विचारा. सत्तूर पडल्यावर नाही.”